परळीच्या थर्मलची राख, पाणी आणि धूर: वीज कंपन्यांचे पर्यावरण अहवाल कसे वाचायचे?

एखाद्या वीज केंद्राने वर्षभरात जेवढी राख तयार केली, त्यापेक्षा जास्त राख ‘वापरली’, असं होऊ शकतं का? होऊ शकतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या राख अहवालांत काही केंद्रांसमोर १०० टक्क्यांहून मोठा आकडा दिसतो. त्यात लबाडी नाही. जुन्या तलावात साठलेली राख यंदा उचलली गेली, तर तीही यंदाच्या ‘वापरात’ धरली जाते आणि टक्केवारी शंभराच्या पुढे जाते. पण त्याच वर्षी त्या केंद्राशेजारच्या गावात कपडे वाळत घालता येत नाहीत, ज्वारीच्या पानांवर करडा थर बसतो, रस्त्यावरून हायवा गेला की मागचा दुचाकीवाला डोळे मिटून घेतो, असंही होऊ शकतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

हे कसं, ते कळायला या अहवालांची रचना समजून घ्यावी लागते. प्रत्येक अहवाल कुठेतरी एक रेषा आखतो आणि त्या रेषेवरून जे जातं तेवढंच मोजतो. कधी ती रेषा चिमणीच्या तोंडाशी असते, कधी गेटवरच्या वजनकाट्यावर, तर कधी संपूर्ण कंपनीभोवती. गावाचा त्रास बहुतेक वेळा रेषेच्या पलीकडे असतो. बीड जिल्ह्यातलं परळी वैजनाथचं औष्णिक विद्युत केंद्र समोर ठेवून हे कागद एकेक करून उघडू.

आधी परळीचं थोडक्यात

परळीत वीजनिर्मिती सुरू झाली १९७१ साली, ३० मेगावॅटच्या छोट्या संचांपासून. १९८०च्या दशकात २१० मेगावॅटचे तीन संच आले. आता हे सगळे जुने संच बंद आहेत. सध्याची क्षमता आहे ७५० मेगावॅट, म्हणजे प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन संच. क्रमांक ६ (२००७), क्रमांक ७ (२०१०) आणि क्रमांक ८ (२०१६). मालक आहे महानिर्मिती, म्हणजे जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन झालं तेव्हा निर्मितीसाठी वेगळी काढलेली सरकारी कंपनी.

संच कोणत्या साली बसला हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. नियम सगळ्या संचांना सारखे नाहीत, ते जन्मतारखेप्रमाणे बदलतात.

परळीत राख हा विषय नवा नाही. दाऊतपूर, दादाहरी वडगाव ही नावं जिल्ह्यात राखेच्या संदर्भातच जास्त ऐकू येतात. परिसरात वीटभट्ट्या भरपूर, त्यामुळे राखेला गिऱ्हाईकही आहे. २०२४-२५च्या हिवाळ्यात तर इथल्या राखेची वाहतूक आणि तिच्यामागचं अर्थकारण राज्यभर गाजलं. त्यातलं राजकारण आणि गुन्हे हा या लेखाचा विषय नाही. आपला प्रश्न साधा आहे: या सगळ्याची नोंद कुठल्या कागदात होते, आणि कुठल्यात होत नाही?

कोणता अहवाल कुणाकडे जातो

वीज केंद्राला एक अहवाल देऊन सुटका नसते. वेगवेगळ्या कायद्यांखाली वेगवेगळ्या कार्यालयांना वेगवेगळ्या तारखांना कागद जातात, आणि एकाच गोष्टीचा आकडा दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलेला असू शकतो.

पहिला कागद म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, बोलीभाषेत ‘कन्सेन्ट’. हे १९७४च्या जल कायद्याखाली आणि १९८१च्या वायू कायद्याखाली मिळतं. हा अहवाल नाही, पण बाकी सगळे अहवाल याच्याशी ताडून बघायचे असतात. किती पाणी वापरायचं, किती सांडपाणी सोडायचं, कोणत्या चिमणीतून किती धूळ चालेल, राखेचं काय करायचं, हे सगळं यात लिहिलेलं असतं. मंडळाच्या संकेतस्थळावर उद्योगाचं नाव टाकून संमतीपत्रं शोधता येतात.

दुसरा, पर्यावरण मंजुरी. २००६च्या अधिसूचनेनुसार ५०० मेगावॅट आणि त्याहून मोठे कोळसा प्रकल्प केंद्र सरकारकडे जातात, त्याहून लहान राज्य पातळीवर. मंजुरीसोबत अटींची भलीमोठी यादी येते आणि त्या अटींचं काय झालं हे दर सहा महिन्यांनी सांगावं लागतं. तारखा ठरलेल्या: १ जून आणि १ डिसेंबर.

तिसरा, फॉर्म ५, म्हणजे वार्षिक पर्यावरण विवरणपत्र. मार्चअखेर संपलेल्या वर्षाचं विवरण ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण मंडळाला द्यायचं.

चौथा, राखेचा हिशेब. ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेप्रमाणे दर महिन्याची राख किती झाली, किती गेली, ही माहिती पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर चढवायची. वर्षाचा अहवाल ३० एप्रिलपर्यंत. शिवाय लेखापरीक्षण वेगळं.

पाचवा कागद नाहीच, ती एक वायर आहे. केंद्रीय मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना चिमणीत आणि सांडपाण्याच्या तोंडाशी सतत मोजणारी यंत्रं बसवायला सांगितलं. औष्णिक केंद्रं त्यात आली. यंत्राचं वाचन थेट मंडळाच्या सर्व्हरवर जातं.

‘नोटेड’ म्हणजे काय?

सहामाही पूर्तता अहवाल हा या सगळ्यांत जास्त वाचण्यासारखा आहे, आणि जास्त कंटाळवाणाही. दोन रकाने असतात. डावीकडे मंजुरीतली अट, उजवीकडे केंद्राचं उत्तर. उत्तरं साधारण चार साच्यांची: ‘कम्प्लाइड’, ‘बीइंग कम्प्लाइड’, ‘अ‍ॅग्रीड’ आणि ‘नोटेड’.

‘कम्प्लाइड’च्या पुढे काही पुरावा आहे का बघा. तारीख, आकडा, जोडपत्राचा क्रमांक, छायाचित्र. ‘हरितपट्टा विकसित केला आहे, कम्प्लाइड’ या वाक्याला अर्थ नाही. किती हेक्टरवर, कोणती झाडं, किती जगली, हे असेल तर अर्थ आहे. ‘बीइंग कम्प्लाइड’ हे उत्तर बांधकाम चालू असताना ठीक आहे. केंद्र सुरू होऊन आठ वर्षं झाली तरी तेच उत्तर असेल, तर मागचे तीन-चार अहवाल शेजारी ठेवून बघा. अनेकदा वाक्य स्वल्पविरामासकट तेच सापडतं. आणि ‘नोटेड’ म्हणजे ‘ऐकलं’. काही अटी खरंच नुसत्या ऐकण्याच्या असतात, उदाहरणार्थ ‘मंत्रालयाला पुढे आणखी अटी घालण्याचा अधिकार राहील’. पण राखेच्या तलावाला अस्तर घालणं, आजूबाजूच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी करणं, अशा कामाच्या अटीपुढे ‘नोटेड’ आलं तर ते उत्तर नव्हे.

मंजुरीत सहसा आणखी एक अट असते: पर्यावरणासाठी ठेवलेला पैसा वेगळ्या खात्यात दाखवा, दुसरीकडे वळवू नका आणि वर्षाचा खर्च कळवा. इथे बहुतेक वेळा एक एकूण रक्कम दिलेली असते. ती रक्कम कशावर गेली, हे विचारण्याजोगं आहे. धूळ पकडणाऱ्या यंत्राची दुरुस्ती आणि अतिथिगृहाची बाग, दोन्ही ‘पर्यावरण खर्चा’त बसू शकतात.

हे अहवाल २००६च्या अधिसूचनेनुसार सार्वजनिक दस्तऐवज आहेत. प्रकल्पाने कळवायचे, मंजुरी देणाऱ्या यंत्रणेने संकेतस्थळावर ठेवायचे, आणि कुणी अर्ज केला तर प्रत द्यायची. महाराष्ट्रातल्या प्रकल्पांवर केंद्राच्या बाजूने देखरेख ठेवणारं पर्यावरण मंत्रालयाचं प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे. केंद्र ‘कम्प्लाइड’ म्हणतं ते खरं का, हे तपासून प्रमाणित अहवाल देणं त्याचं काम. असा प्रमाणित अहवाल मुख्यतः प्रकल्पाला विस्तार हवा असतो तेव्हा मागितला जातो. म्हणून विस्ताराचा प्रस्ताव येतो तो काळ माहिती मिळवायला चांगला.

भाषेचं एक सांगायला हवं. जनसुनावणीच्या वेळी प्रकल्प अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, म्हणजे आपल्याकडे मराठीत. त्यानंतर पुढची पंचवीस-तीस वर्षं दर सहा महिन्यांनी येणारे कागद मात्र इंग्रजीत येतात. ज्यांच्या विहिरीचं पाणी तपासलं त्यांना त्याचा निकाल त्यांच्या भाषेत मिळण्याची सोय कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. हा मला या व्यवस्थेतला सर्वात सहज दुरुस्त होण्याजोगा दोष वाटतो.

फॉर्म ५: नऊ भाग, त्यातले तीन कामाचे

फॉर्म ५चे ‘ए’ ते ‘आय’ असे नऊ भाग आहेत. ‘ए’मध्ये नाव-पत्ता-क्षमता. ‘बी’मध्ये पाणी आणि कच्चा माल. ‘सी’मध्ये हवा-पाण्यात सोडलेलं प्रदूषण. ‘डी’ घातक कचरा, ‘ई’ घनकचरा, ‘एफ’मध्ये त्यांची विल्हेवाट. ‘जी’, ‘एच’, ‘आय’मध्ये उपाययोजना, गुंतवणूक आणि इतर.

‘सी’ भागात प्रत्येक प्रदूषकापुढे दोन आकडे येतात. एक, दिवसाला किती वजन बाहेर पडलं. दुसरा, किती घट्टपणाने बाहेर पडलं, म्हणजे धुराच्या एका घनमीटरमागे किती मिलिग्रॅम. बहुतेक जण दुसरा आकडा बघतात, कारण मर्यादा त्यावर लिहिलेली असते. पण गावावर जे पडतं ते वजनाने पडतं. शिवाय तिसऱ्या जागी मर्यादेपासून किती टक्के फरक पडला आणि का, हे लिहायचं असतं. ते ‘का’ रिकामं असेल तर फॉर्म अर्धाच भरलाय असं समजा.

‘बी’ आणि ‘सी’ गेल्या वर्षीच्या फॉर्मसोबत वाचा. ‘बी’मध्ये मागच्या आणि चालू वर्षाचे आकडे शेजारी शेजारी मागितलेले असतात. मागच्या वर्षीच्या फॉर्ममधला आकडा आणि यंदाच्या फॉर्ममध्ये ‘मागील वर्ष’ म्हणून लिहिलेला आकडा जुळतो का, ही सगळ्यात सोपी तपासणी. कॅल्क्युलेटरही लागत नाही.

चिमणीचे आकडे

७ डिसेंबर २०१५ला केंद्राने कोळशाच्या केंद्रांसाठी नव्या मर्यादा आणल्या. इथे जन्मतारीख लागते. २००४ ते २०१६ दरम्यान बसलेल्या संचांना धुळीची मर्यादा ५० मिलिग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर. परळीचे तिन्ही संच याच पट्ट्यातले. ५०० मेगावॅटपेक्षा लहान असल्याने सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ६००. नायट्रोजन ऑक्साइड्सची आधी ३०० होती, २०२० मध्ये ती सैल करून ४५० केली. २०१७ किंवा त्यानंतर बसलेल्या संचाला हेच आकडे ३०, १०० आणि १०० आहेत, म्हणजे कितीतरी कडक.

‘नॉर्मल’ घनमीटर म्हणजे काय तर ठरावीक तापमान आणि दाब धरून मोजलेला घनमीटर. धूर गरम असतो, फुगलेला असतो. तसाच मोजला तर आकडा उगाच कमी दिसेल, म्हणून ही दुरुस्ती.

आता एक गणित करून बघू. हे परळीचं मोजमाप नाही, क्षमतेवरून काढलेला अंदाज आहे. ७५० मेगावॅट पूर्ण भाराने २४ तास चाललं तर १ कोटी ८० लाख युनिट वीज होते. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला १२,६०० टन. आपल्या देशी कोळशात साधारण ३५ टक्के राख धरू. झाली ४,४०० टन राख, दर दिवसाची. त्यातली पाचवा हिस्सा जाड राख बॉयलरच्या तळाशी पडते, उरलेली सुमारे ३,५०० टन बारीक राख धुराबरोबर वर जाते. चिमणीआधी ईएसपी नावाचं यंत्र असतं, ते विजेच्या भाराने कण पकडतं. त्याची कार्यक्षमता ९९.९ टक्के धरली तर उरलेला ०.१ टक्का म्हणजे दिवसाला ३.५ टन. ‘९९.९ टक्के कार्यक्षम’ आणि ‘रोज साडेतीन टन धूळ’ ही दोन्ही एकाच यंत्राची वर्णनं आहेत. अहवालात पहिलं असतं.

गंधकाचं मात्र वेगळं झालं. ११ जुलै २०२५च्या अधिसूचनेने केंद्रांचे तीन गट पाडले. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहराच्या १० किलोमीटरच्या आत असलेल्यांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा पाळावीच लागेल, मुदत डिसेंबर २०२७. अति-प्रदूषित किंवा हवेची मानकं न गाठणाऱ्या शहरांजवळच्या केंद्रांचा निर्णय प्रकरणागणिक. बाकीच्यांनी चिमणीच्या उंचीची अट पाळली की मर्यादेतून सूट. परळीच्या १० किलोमीटरमध्ये दहा लाखांचं शहर नाही, हे सांगायची गरज नाही. त्यामुळे यापुढे अहवालात सल्फर डायऑक्साइडपुढे काय लिहिलं जातं ते बघा. मर्यादा लागू नसली तरी मोजमाप थांबायचं कारण नाही.

ऑनलाइन यंत्राचे आकडे वाचताना एक खबरदारी. संच बंद असतो तेव्हा वाचन शून्याजवळ येतं. बंद दिवस सरासरीत मिसळले तर महिना स्वच्छ दिसतो. म्हणून सरासरीसोबत संच किती तास चालला हे विचारायचं. आणि यंत्राचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं, तेही.

चिमणीबाहेरच्या हवेचा हिशेब वेगळा. तिथे २००९ची राष्ट्रीय मानकं लागतात: पीएम १० साठी २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, पीएम २.५ साठी ६०. नमुने घेण्याची ठिकाणं ठरलेली असतात. ती वसाहतीच्या छपरावर आहेत की राखेच्या तलावाच्या वाऱ्याखालच्या गावात, यावर सगळं ठरतं. नकाशा मागा.

पाणी: दुष्काळी जिल्ह्यातला रकाना

फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचं केंद्र पाण्याअभावी पूर्ण बंद करावं लागलं. तेव्हाची क्षमता ११३० मेगावॅट होती. पुढच्या दुष्काळात, २०१५ साली, पुन्हा तीच वेळ आली. केंद्राचं पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येतं, आणि वर माजलगाव-जायकवाडी कोरडं पडलं की खाली काही उरत नाही.

२०१५च्या अधिसूचनेत पाण्यालाही मर्यादा आहे: कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना प्रति मेगावॅट-तास जास्तीत जास्त ३.५ घनमीटर. पूर्ण भाराच्या दिवसाला १८,००० मेगावॅट-तास होतात. गुणिले ३.५, म्हणजे ६३,००० घनमीटर. लिटरमध्ये ६ कोटी ३० लाख. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने हे साडेअकरा लाख माणसांचं दिवसाचं पाणी झालं. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार होती. ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्ष वापर कमी असू शकतो, केंद्र रोज पूर्ण भाराने चालतही नाही. पण नियमाच्या आत राहूनही आकडा किती मोठा असतो ते यावरून कळतं.

गोम अशी की मर्यादा विजेच्या प्रमाणात आहे. केंद्र मर्यादेत असलं तरी बंधाऱ्यात पाणी आहे का, हा प्रश्न त्या रकान्यात येतच नाही. ‘३.५च्या आत’ हे उत्तर चांगल्या पावसाच्या वर्षीही तेच आणि २०१३ सारख्या वर्षीही तेच. शिवाय राख तलावाकडे नेताना ती पाण्यात कालवून पाइपने ढकलतात. हे पाणी परत घेतलं जातं का आणि किती, हा आकडा ‘बी’ भागाला जोडून मागावा.

राख: वजनकाट्यानंतर काय?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे. १९९९ पासून राखेवर अधिसूचना निघत आल्या: १९९९, २००३, २००९, २०१६ आणि २०२१. शेवटची १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. ती म्हणते, तयार होणारी राख तीन वर्षांच्या चक्रात १०० टक्के वापरा, कोणत्याही एका वर्षात ८० टक्क्यांच्या खाली जाऊ नका. तलावातली जुनी राख दहा वर्षांत संपवा. अपवाद आहे तो स्थिर करून वर झाडी लावलेल्या तलावांचा. न वापरलेल्या राखेला टनामागे १,००० रुपये पर्यावरण भरपाई.

वर काढलेले ४,४०० टन आठवा. एका दिवसाची राख पडून राहिली तर हिशेबाने ४४ लाख रुपयांचं देणं. भरपाई रोजच्या रोज आकारली जात नाही, वर्षाच्या आणि चक्राच्या शेवटी हिशेब होतो. पण दबाव कोणत्या दिशेने आहे ते स्पष्ट आहे: राख गेटबाहेर गेली पाहिजे. २५ टनांची एक गाडी धरली तर दिवसाला पावणेदोनशे खेपा. सिमेंट कंपनीचा बंद बल्कर असेल तर धूळ फारशी उडत नाही. तलावातून पोकलेनने उपसून हायवात भरलेली राख वेगळी. वरचा थर वाळलेला असला, ताडपत्री नीट नसली, तर वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यात थोडी थोडी सांडत जाते.

वजनकाट्यावर गाडी चढली की केंद्राच्या वहीत ती राख ‘वीट उद्योग’, ‘सिमेंट’ किंवा ‘रस्ता-भराव’ अशा एखाद्या रकान्यात जाते. यापुढे ती केंद्राची राहत नाही. रस्त्यावर उडालेली धूळ चिमणीच्या आकड्यात येत नाही, कारण ती चिमणीतून आलेली नाही. वीटभट्टीच्या आवारात उघडा पडलेला ढीग केंद्राच्या फॉर्म ५ मध्ये येत नाही, कारण तो केंद्राच्या आवारात नाही. वाहतूकदाराला फॉर्म ५ भरायचा नसतो. म्हणजे राखेच्या प्रवासातला सगळ्यात धुळीचा टप्पा कुणाच्याच अहवालात नाही. परळीचा त्रास नेमका त्या मोकळ्या जागेत आहे, आणि राखेचा धंदा करणाऱ्यांना ती मोकळी जागा सोयीची आहे.

मग विचारायचं काय? नुसती टक्केवारी नको. नवी राख आणि तलावातली जुनी राख वेगवेगळी मागा, नाहीतर जुनी उचलून नव्याचा आकडा फुगतो. उचलणाऱ्याप्रमाणे फोड मागा. बंद बल्करने किती गेली आणि उघड्या गाड्यांतून किती, ते मागा. ‘भराव’ या रकान्यात मोठा आकडा दिसला तर जागेचा पत्ता मागा, कारण सखल जमीन भरणं आणि कुठंतरी टाकून देणं यांतला फरक कागदावर फार बारीक असतो.

कंपनीचा चकचकीत अहवाल

शेअर बाजारात नोंदलेल्या देशातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीने बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केला आहे. एनटीपीसी, टाटा पॉवर, अदानी पॉवर त्यात येतात. रंगीत पानं, नीट तक्ते. पण त्यात पाणी, उत्सर्जन, कचरा हे कंपनीभर एकत्र केलेलं असतं. दहा केंद्रांची सरासरी काढली की एका केंद्राशेजारचं गाव त्यात विरघळून जातं. पाण्याची टंचाई असलेल्या भागातल्या केंद्रांची माहिती वेगळी देण्याची सोय त्यात आहे, तेवढीच स्थानिक माणसाच्या उपयोगाची. महानिर्मिती बाजारात नोंदलेली नसल्याने ही सक्ती तिच्यावर नाही. परळीकरांचं त्याने फार बिघडत नाही, त्यांच्या कामाचा कागद फॉर्म ५च.

कारखान्यागणिक आकडे लोकांसमोर ठेवणं अशक्य मुळीच नाही. भोपाळच्या १९८४च्या दुर्घटनेनंतर अमेरिकेने १९८६ मध्ये समाजाच्या माहितीच्या हक्काचा कायदा केला. त्यातून प्रत्येक कारखान्याने कोणतं विषारी रसायन किती सोडलं याची सार्वजनिक यादी तयार होऊ लागली. १९९८ पासून कोळशाची वीज केंद्रंही तिच्यात आली. दुर्घटना आपल्याकडची, यादी त्यांच्याकडे. महाराष्ट्रात जवळ जाणारा एक प्रयत्न झाला: ५ जून २०१७ला प्रदूषण मंडळाने चिमणीतल्या धुळीवरून उद्योगांना एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली. इंग्रजी तक्ता न वाचता कळणारी ही पद्धत होती. मात्र तीही चिमणीपुरतीच.

पवनचक्क्या आणि सोलरचं काय?

बीड जिल्ह्यात आता पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प वेगाने उभे राहतायत. प्रदूषण मंडळांच्या वर्गवारीत पवन आणि सौर वीज ‘पांढऱ्या’ श्रेणीत २०१६ पासून आहे. म्हणजे संमतीपत्र लागत नाही, नुसतं कळवलं की पुरे. पर्यावरण मंजुरीही लागत नाही, त्यामुळे जनसुनावणी नाही, सहामाही अहवाल नाही. धूर आणि राख नाही म्हणून हे रास्तच. पण पवनचक्कीचा पाया खोदताना फुटलेला पाझर, पात्यांच्या लांबलचक ट्रेलरने मोडलेला शिवरस्ता, सोलरसाठी सपाट केलेला ओढा, यांचीही नोंद होईल असा कागद राहत नाही. तिथे हाताशी असतात ते ग्रामपंचायतीचे ठराव, तहसीलचे अकृषिक आणि गौण खनिजाचे परवाने, आणि जमीनमालकाचा करार.

कागद मिळवायचे कसे

आधी फुकटचं बघा: मंत्रालयाचं परिवेश पोर्टल, प्रदूषण मंडळाचं आणि कंपनीचं संकेतस्थळ. जल कायद्याच्या कलम २५ नुसार संमतीपत्रांच्या अटींची नोंदवही संबंधित व्यक्तीला बघू द्यावी लागते, हेही लक्षात असू द्या.

नाही मिळालं तर माहितीचा अधिकार. महानिर्मिती आणि प्रदूषण मंडळ दोन्ही त्याच्या कक्षेत येतात. खासगी वीज कंपनी असेल तर अर्ज मंडळाकडे करा, कंपनीने दिलेले कागद मंडळाच्या फायलीत असतातच. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना नाही. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत बसवायचा आहे. म्हणून राख, पाणी, चिमणी असे तीन वेगळे अर्ज करा, एकत्र केलात तर त्याच कारणाने परत येईल. ‘प्रदूषणाची सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. ‘परळी औष्णिक विद्युत केंद्राने अमुक तीन आर्थिक वर्षांसाठी सादर केलेल्या फॉर्म ५च्या जोडपत्रांसह प्रती, सादर केल्याच्या तारखेच्या पोचसह’ असं लिहा. मराठीत लिहिलेलं चालतं. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं, किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

आकडे हातात आले आणि प्रकरण पुढे न्यायचं ठरलं, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. तिथे वाद नेण्याची मुदत कारण घडल्यापासून सहा महिने, नुकसानभरपाईसाठी पाच वर्षं. दोन्हींत सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. राख पिकावर पडली ती तारीख, पंचनामा, फोटो आणि त्या महिन्याचा राखेचा मासिक अहवाल एकत्र ठेवलेला असेल तर वकिलाचं अर्धं काम होतं.